रेन्झोचा शब्द आणि माझे तिखट कान

मंडळी,

खुर्च्या कमी पडल्या. मागे भिंतीला टेकून उभे आहात त्यांनी पुढे या, इथं बाजूला जागा आहे. रेन्झोसाठी जर्सी सिटीतली एवढी मराठी माणसं जमतील असं मला वाटलं नव्हतं. हे ऐकून तोच सगळ्यात मोठ्यानं हसला असता.

मी वसंत. पोरींच्या फुटबॉल टीमचे शर्ट शिवतो, छापतो. दुकानात आलेल्या माणसाला बोलण्यात गुंगवणारा मी, आज कागद घेऊन उभा आहे. कारण कागद नसला की मी विषय बदलतो, हे मला माहीत आहे. समोर रेन्झोच्या घरच्या, ग्राझिएला वहिनी बसल्यात. त्यांना मराठी येत नाही, म्हणून माझी सई त्यांना कानात इंग्लिशमध्ये सांगतेय. सई, एकही वाक्य गाळू नकोस. पुढचं तर मुळीच नाही.

रेन्झो इटलीत अकरा वर्षं खेळला. डिफेंडर. मोठ्या क्लबात नाही, लहान लहान गावांच्या टीममध्ये. सांगायचा, 'वसंत, आयुष्यात मी दोन गोल केले. त्यातला एक आमच्याच गोलकीपरवर.' गुडघा गेला, तसा मेहुण्याच्या मागोमाग इकडे आला. दिवसा लोकांच्या बाथरूममध्ये टाइल्स बसवायच्या आणि संध्याकाळी आपल्या पोरींचा असिस्टंट कोच. असिस्टंट म्हणजे बॉलमध्ये हवा भरणारा, रडणाऱ्या पोरीच्या बुटाची लेस बांधणारा, सगळ्यांच्या शेवटी मैदानावरून निघणारा. दर वर्षी त्याच्या जाकिटावर मी तेच छापायचो. तो म्हणायचा, 'हेडची इंग्लिशमध्ये अक्षरं चार. असिस्टंटची नऊ. आता सांग, मोठा कोण?'

पण डिफेन्स शिकवावा तो त्यानंच. वहिनींची कपडे वाळत घालायची दोरी आणायचा आणि चार पोरींच्या कमरेला बांधायचा. चौघींनी एकदम पाऊल पुढे टाकायचं. मग समोरच्या टीमची पोरगी त्यांच्या पाठीमागे एकटी सापडते, ऑफसाइड. पण एक जण जरी जागेवर राहिली तरी सगळं फुकट. 'तिघी बरोबर आणि एक चूक, म्हणजे चौघी चूक.' आणि पाऊल टाकायची वेळ झाली की बाहेरून ओरडायचा, 'साली! साली!'

हसलात. हसा. तेव्हा मी हसलो नव्हतो.

अकरा वर्षांच्या आपल्या पोरी, आणि हा बाबा त्यांना भर मैदानात 'साली' म्हणतोय! माझे कान तिखट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिलाई मशिनची सुई तुटणार, हे मला आधीच ऐकू येतं. मी छातीठोकपणे सांगितलं, कामावरच्या कुणातरी देसी माणसानं याला शिव्या शिकवल्यात. त्याला विचारलं का? नाही. पोरींना विचारलं का? स्वतःच्या मुलीसमोर तो शब्द काढायचा कसा? त्याच वर्षी हेड कोच गाव सोडून चालले होते, आणि ती जागा रेन्झोची हे सगळेच धरून चालले होते. मी क्लबला पत्र लिहिलं. सहा घरांच्या सह्या घेतल्या. देसाईकाका, मान खाली घालू नका. तुम्ही फक्त माझ्या कानांवर विश्वास ठेवलात.

क्लबनं त्याला सभ्यपणे एवढंच सांगितलं, तुमच्या भाषेबद्दल पालकांची तक्रार आहे. जागा दुसऱ्याला गेली.

पुढच्या आठवड्यात तो माझ्या दुकानात. 'वसंत, त्यांचं बरोबर आहे. एवढी वर्षं झाली, माझं इंग्लिश अजून मोडकंच.' मला वाटलं, बिलंदर आहे, वेड पांघरून पेडगावला चाललाय. पण तो खरंच लायब्ररीतल्या इंग्लिशच्या क्लासला जायला लागला. दोन हिवाळे. टाइलचं सिमेंट नखांत, आणि हातात वही. होमवर्क माझ्या काउंटरवर मांडायचा. 'ही गो, का ही गोज?' आणि मी, ते पत्र लिहिणारा मी, लाल पेन काढून तपासायचो. वर 'व्हेरी गुड' लिहायचो.

मग दोन हजार सहाचा वर्ल्ड कप. फायनलला इटली. रविवारची दुपार, आमच्या घरी सगळे. रेन्झो बसेचना, टीव्हीसमोर उभा. आणि एकदम इटलीच्या त्या दाढीवाल्या डिफेंडरांवर ओरडला, 'साली! साली!' शेजारून आमची सई, 'साली!'

मी म्हटलं, 'सई! काय बोलतेस!'

'व्हॉट, बाबा? वर सरका. स्टेप अप. एव्हरीबडी नोज!'

'इटालियन आहे, वसंत,' रेन्झो म्हणाला. 'का? तुमच्या भाषेत काय होतं?'

मी म्हटलं, 'बायकोची बहीण.'

तो इतका हसला, इतका हसला, की पुढचा कॉर्नर त्यानं पाहिलाच नाही. मी खोटं बोललो नव्हतो. खरंही बोललो नव्हतो.

त्या दुपारी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. बैल गेला आणि झोपा केला, आता सांगून काय उपयोग, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. खरं कारण साधं होतं. सहा घरांसमोर माझे कान खोटे पडले असते. परवा या सीझनसाठी त्याचं जाकीट पुन्हा छापायला आलं. असिस्टंट. नऊ अक्षरं, एक एक करून लावली. म्हटलं, हा सीझन संपू दे, मग सांगतो. आणि मंगळवारी सकाळी, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात टाइल्स बसवता बसवता त्याचं हृदय थांबलं.

वहिनी, तुमच्या नवऱ्याचं इंग्लिश चांगलं होतं. भाषा माझी कच्ची होती.

मंडळी, तो आपल्या एकाही पोरीला कधी वाकडा शब्द बोलला नाही. मी क्लबला दुसरं पत्र लिहिलंय, उद्या देतोय. या वेळी सही एकट्या माझी.

आता दोन मिनिटं आपण शांत उभं राहू. त्यानंतर सई तो शब्द म्हणेल. मैदानावर म्हणायची तसा, पोटातून. ऐकलात की सगळ्यांनी एकदम एक पाऊल पुढे टाकायचं. कमरेला दोरी नाहीये, तेव्हा शेजाऱ्याकडे लक्ष ठेवा. इतकी वर्षं जागेवर राहिलेला तो एक जण मी होतो. मी खाली येतोय, तुमच्या रांगेत.

उठू या.