नट किती आवळायचा

—नाही म्हणजे नाही, त्सुंगहान, स्पिंडल काढून आणलंस तरी सांगते, ते लटपटतंय ते माझ्यामुळं नाही. तुझ्या शेडची फरशी बघितलीयस? मांजर चाललं तरी हलते! आणि मशीनवर शकुनाचं पाकीट कुठलं ठेवलंस, मक्याच्या खाऊचं? पिवळं असणार. अरे गाढवा, हिरवं ठेवायचं! सगळ्या तायचुंग शहराला कळतं, हिरवं असलं की मशीन गुमान चालतं, पिवळं दिसलं की रुसतं. — काय? हिरवंच आहे? मुदत संपली असेल. तीही नाही? बरं बाबा.

चहा घे. हे बघ, दोन बेअरिंगं पाठीला पाठ लावून बसवायची अन् नट आवळून एकमेकांवर रेटायची, एवढंच तर काम. रेटा कमी पडला की स्पिंडलचा दांडा हलतो, कापलेल्या लोखंडावर लाटा उठतात — दाखवतोयस काय, दिसतायत मला! — जास्त झाला की बेअरिंगं तापून जळतात. हातानं फिरवून अंदाज घ्यायचा. तो अंदाज माझ्या म्हाताऱ्या नवऱ्याचा, युंगफाचा. मी आपली ग्रीस लावणारी. — नाही, झोपलेला नाहीये तो. लुगांगला गेलाय, बहिणीकडं, हवापालटाला. हवा कसली डोंबलाची, रुसून गेलाय! त्यानं आवळलेलं एक जळालं, तर मी गिऱ्हाइकांदेखत म्हटलं, हात गेले तुझे, आता कोंबड्या पाळ. चुकलं काय माझं? जळालंच होतं ना? — तर हा भरल्या ताटावरनं उठला अन् चालता झाला. मग तुझं मीच आवळलं. भीत भीत. हेही जळलं तर काय घ्या, म्हणून जरा सैल — म्हणजे सैल नाही, बेताचं! बेताचं रे!

हसू नकोस. फोन आहे ना तुझ्याकडं? लाव त्याला. माझा उचलत नाही मेला. सांग, स्पिंडल लटपटतंय. सैल बसलंय म्हण, हो, म्हण. कुणी बसवलं विचारलं तर — सांग, तिनंच. मी शेजारी उभी आहे ते बोलू नकोस. उचलला? आवाज कसाय? जेवला का विचार. अरे विचार ना, मठ्ठा! ती बहीण सगळं खारट करते, अन् ह्याला बीपी... मला करमत नाही रे त्याच्याशिवाय, भांडायला कुणी नाही घरात. हे नको सांगूस! — काय म्हणाला? 'कुणी हात लावू नका, मी निघालो'? असंच? निघालो म्हणाला?

मग तू बसलायस काय दगडासारखा? ऊठ! स्पिंडल राहू दे इथंच. तासाभरात पोचेल तो, मला केस तरी विंचरू दे. जा म्हणते ना!