मक्याच्या टँकरातलं पाणी

मी लालबागची. वडील मूळचे कणकवलीकडचे, गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर वॉचमन झाले, आणि मी बीएस्सी केलं ते चाळीच्या गॅलरीत बसून, त्यात कौतुक काही नाही, सगळेच तसे शिकले. रे रोडच्या लॅबमध्ये लागले ती अजून तिथेच. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल तपासते. उसाच्या मळीचं येतं, मक्याचं येतं, हल्ली भाताच्या पेंढ्याचंही येतं. शेजारणी विचारतात, म्हणजे दारूच ना गं, मी म्हणते हो, पण गाडीची. त्यात पाणी चालत नाही, आणि काय सांगू तुम्हाला, ते पाण्याला असं हावरं की दिसेल तिथून ओढून घेतं.

तर खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा असते. मी नमुन्याच्या बाटल्याही धुतल्या, झाकणं घट्ट लावली, हळदकुंकू लावून ओळीने मांडल्या. दसरा झाल्यावर मक्याच्या मालाचा टँकर आला, त्यातल्याच एका बाटलीत नमुना घेतला आणि पाणी जास्त निघालं. टँकर नापास. ड्रायव्हर शिंदे, सोलापूरकडचा. सगळे त्याच्यावर तुटून पडले, वाटेत माल काढलास आणि पाणी भरलंस. तो म्हणाला, मॅडम, सील बघा की, नोकरी जाईल माझी, वर चोर म्हणतील. सील काय, परत लावता येतं, मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही. असं तोंडावर बोलले मी त्याला.

दुपारी दुसऱ्या कामाला बाटली घेतली, उजेडात धरली, तर तळाशी थेंब. दुसरी धरली, तिच्यातही. पूजेच्या घाईत ओव्हनमध्ये सुकवायच्या राहिल्या होत्या, ओल्याच बंद केल्या होत्या मी.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, रिपोर्ट गेलाय, आता गप्प बसा, सुपरवायझरसाठी तुमचं नाव पाठवलंय मी. मी म्हटलं, साहेब, तो माणूस खाली चोर म्हणून बसलाय. चूक माझी असं लिहून दिलं, कोरड्या बाटलीत पुन्हा नमुना घेतला, पास झाला. शिंदेने आभारबिभार काही मानले नाहीत, निघताना टँकरमधून ओरडला, बाई, पुढच्या वेळी पूजा कमी आणि पुसापुशी जास्त करा. बरोबरच बोलला.

मला मेमो मिळाला. सुपरवायझर झाला सावंत, माझ्यानंतर लागलेला, त्याला काम मीच शिकवलेलं. आता माझ्या रिपोर्टवर तो सही करतो आणि मी त्याला सर म्हणते. सुरुवातीला जड गेलं, खोटं कशाला सांगू, आता जिभेला सवय झालीय. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, तीही जातील. शिंदे अजून टँकर घेऊन येतो, माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. गाडी चालवतोय, बस झालं.