काकांचे एकतीस आणि बत्तीस

अरे, देवासच्या कारखान्यात कम्प्युटरवर होतो ना, तेव्हाची गोष्ट. एडिटरमधून कमांड दिली की शेलमध्ये, म्हणजे उत्तर उमटायच्या खिडकीत, रंगांऐवजी त्यांचे आकडेच उमटायचे. चुकलेल्या ओळीआधी एकतीस, म्हणजे लाल. बरोबर ओळीआधी बत्तीस, म्हणजे हिरवा. आमच्या ऑफिसातल्या जुन्या दिघेकाकांना ते तोंडपाठ.

दोन दिवस खपून मी सेटिंग बसवली. आकडे गेले, रंग आले. म्हटलं, "काका, देखो!"

काका बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "भिया, यातली लाल ओळ कोणती रे? मला लाल-हिरवं सारखंच दिसतं. इथे कोणाला बोलू नकोस."

मी गुपचूप आकडे परत आणले आणि ऑफिसात सांगितलं, "रंगांचं काही जमलं नाही बुवा."

काका रिटायर होईपर्यंत मला ते जमलंच नाही.