पाण्याचा ग्लास

दाढ ठणकत होती म्हणून गवंडीमामा दवाखान्याच्या बाकावर गाल धरून बसला होता. दुखत दाढ होती, कान थोडेच! भिंतीवरच्या टीव्हीत भांडण जुंपलं होतं. हायकोर्टाचा जज म्हणून ज्या वकिलाचं नाव पुढे आलं होतं, तो अंगचटीला आल्याचा आरोप त्याच्याच ऑफिसातल्या एका बाईनं केला होता. मामाच्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

"ऐकलंत वन्सं? म्हणे, तेव्हा कुणीच कसं बोललं नाही!"

"तू कशाला तापतेस? त्याच्याकडची नोकरी सोडून जमाना झाला तुला."

"त्यानं एखादीला केबिनमध्ये बोलावलं, की आम्ही लगेच दुसरीला पाणी घेऊन आत पाठवायचो. त्यानं मागितलं नसलं तरी."

"पाणी कशाला?"

"पहिली आत एकटी राहू नये म्हणून."

"अगं बाई! सगळ्याजणी?"

"सगळ्या. हिच्यासाठी मीच कितीदा नेलाय ग्लास. आता सगळे मिळून हिला खोटारडी ठरवतायत. उद्या चौकशी समितीपुढे जाऊन सांगणार मी."

"फाडून खातील तुला. घरी सांगितलंस?"

"सांगितलं की. तुमचे भाऊ पेपर उलटा धरून वाचत बसले."

"लोक वाट्टेल ते बोलतील गं."

"बोलू देत. माझं तोंड काय शिवलंय?"

नणंदेनं पदर खोचला. मामा तर दाढच विसरला.

"किती वाजता निघायचंय?"

"तुम्ही कशाला, वन्सं?"

"तू आत बोलत राहा. पाणी घेऊन मी येते."