फरशी पुलावरचा फोन

नाही नाही साहेब, तसं नाही सांगता येत — पाण्यातून जाईल का, असं नका विचारू मला. दुसरं काय हवं ते विचारा. आवाज किती करतात विचारा — करतात, खोटं कशाला बोलू, ऐंशीच्या पुढे गेलात की गाडीत भुंगा शिरल्यासारखं वाटतं. अ‍ॅव्हरेज पडेल का — पडेल, लिटरमागे एखाद किलोमीटर धरून चाला. बसा ना, उभे का? त्या स्टुलावर नको, त्याचा पाय गेलाय, इकडे खुर्चीत बसा. तर तुमची साईज झाली दोनशे पंचेचाळीस, सत्तर, सोळा. त्यात हा बघा हायवेचा टायर — नक्षी बारीक, गाडी कशी सरसर चालते, ब्रेकही ओल्या रस्त्यावर चांगला लागतो. आणि हा ऑल-टेरेन — बटणं बघा केवढी, हात लावा, लावा — खडी, चिखल, शेतातला रस्ता, पकडून चालतो. तुम्ही जाता कुठे पण? … हां, रोज कल्याण-शीळ रोड, आणि महिन्यातून एकदा माळशेजवरून जुन्नरला, गावी. म्हणजे अठ्ठावीस दिवस काँक्रीट आणि दोन दिवस घाट. मग तुम्हाला खरं तर हायवेचाच पुरे. पण तुम्हाला ऑल-टेरेन हवाय, कारण गाडी भारी दिसते — बरोबर ना? हसू नका, सगळ्यांना त्यासाठीच हवा असतो, मला कळत नाही का, एकतीस वर्षं हेच करतोय — आधी खोपटला डेपोसमोर दुसऱ्याच्या दुकानात, मग इथे डोंबिवलीच्या मानपाड्याला स्वतःचं. आणि भारी दिसावी असं वाटण्यात वाईट काही नाही. यज्ञेशलाही त्यासाठीच हवा होता.

यज्ञेश — गिऱ्हाईक होता माझा. खाडीकडच्या कोळीवाड्यातला. बापाची होडी होती, पण खाडीत मासळी कुठे राहिली आता, म्हणून ह्याने पिकअप घेतली — तुमच्यासारखीच, हीच साईज. भाऊच्या धक्क्यावरून माल उचलायचा, बर्फाच्या पेट्यांत भरायचा आणि मुरबाडच्या पुढे ते रिसॉर्ट झालेत ना, तिकडे पोचवायचा. सोबत नाथा असायचा, त्याचा लांबचा मेहुणा, पेट्या उतरवायला. गोड पोरगा हो — पोरगा कसला, चौतीसचा होता, एक मुलगी होती, पण मला काका म्हणायचा म्हणून पोरगाच. हवा माझ्याकडे, पंक्चर माझ्याकडे, टायर तर सोडाच, गाडी कुठली घेऊ हे मला विचारून घेतलेली. मुलीला कुठल्या शाळेत घालू तेही विचारलेलं — मी टायरवाला, मला काय कळतं शाळेतलं? पण विचारायचा. आणि आपल्यालाही बरं वाटतं ना, कोणी विचारलं की? मला वाटायचं. आमच्याकडे मुलगा नाही, दोन मुली, दोघी पुण्याला — जाऊ दे. तर त्याला मीच बसवून दिले चार ऑल-टेरेन, जूनमध्ये. बसवून झाल्यावर गाडीभोवती फेऱ्या मारत होता, फोटो काढले, बायकोला पाठवले. आणि ऑगस्टमध्ये गाडी वाहून गेली. मुरबाडच्या पुढे एका ओढ्यावर फरशी पूल आहे — कठडे नसतात त्याला, नुसती काँक्रीटची फरशी — वरून पाणी चाललेलं, ह्याने गाडी घातली, मधोमध आल्यावर मागची बाजू उचलली गेली आणि गेली. नाथा खिडकीतून बाहेर पडला, खाली एका उंबराला अडकला, हात मोडला पण वाचला. यज्ञेश दुसऱ्या दिवशी सापडला. तीन वर्षं झाली ह्या ऑगस्टला.

नाही, टायरचा दोष नव्हता. तेच तर. टायर म्हणजे काय — हवा भरलेली पिशवी. पाण्यात हवा काय करते? वर येते. टायर जेवढा रुंद तेवढी जास्त हवा, गाडी हलकी होते, खालची जमीन सुटते, मग बटणं कितीही मोठी असली तरी पकडणार कशाला? हे मला माहीत नव्हतं असं नाही हो, मी लहानपणी वेंगुर्ल्याला ट्रकच्या ट्यूबवर बसूनच पोहायला शिकलेलो. आम्ही इथून सात-आठ जण गेलेलो बघायला, त्यांच्या वाड्यातली माणसं आणि मी. गाडी दोनशे-अडीचशे मीटर खाली झुडपात उलटी पडलेली, चारी टायर वर. चिखलाने भरलेले, पण एकालाही ओरखडा नाही. आणि सांगू का — अजून तो मिळाला नव्हता, माणसं काठाकाठाने त्याच्या नावाने हाका मारत होती, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं — टायर शाबूत आहेत. बघा. एवढंच आलं. घरी आल्यावर आंघोळ केली, जेवलो नाही, बायकोला वाटलं धक्का बसलाय. ती सुमेधा — माझी बायको — अजून तेच समजते.

काय? नाही, धक्का बसलाच होता. पण आधीच बसलेला. कारण मला — तुम्ही चहा घेणार का? नको? — कारण मला त्याचा फोन आलेला. फरशीच्या अलीकडून. सकाळचे सव्वाअकरा. मी इथेच होतो, दुकानात गर्दी, दोन गाड्या जॅकवर, आणि तुम्ही बसलाय तिथे एक गिऱ्हाईक बसलेलं — नवीन गाडी, मोठा माणूस, एक तास झाला ठरवत होता, ऑल-टेरेन घेऊ की नको घेऊ. फोन वाजला. यज्ञेश म्हणाला, ‘काका, फरशीवरून पाणी चाललंय. जाऊ का?’ मी म्हटलं, किती आहे? म्हणाला, ‘गुडघ्याला कमीच वाटतंय, पण गढूळ आहे, नीट कळत नाही.’ आता बघा — नीट कळत नाही म्हणाला तो. मी ऐकलं ते. आणि मी हसलो. मोठ्याने, समोरच्याला ऐकू जावं असं म्हणालो, ‘अरे मग ऑल-टेरेन कशाला टाकलेत तुला? बिनधास्त घाल!’ समोरचं गिऱ्हाईकही हसलं. यज्ञेश म्हणाला, ‘बरं काका.’ आणि ठेवला. आणि त्या माणसाने — चारच्या ऐवजी पाच घेतले हो, स्टेपनीसकट. मी यज्ञेशशी बोललोच नव्हतो साहेब. मी त्या माणसाशी बोललो होतो. फोन नुसता कानाला होता.

हे मी पोलिसांनाही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं, शेवटचा कॉल तुमचा दिसतोय. मी म्हटलं, हवेचं विचारत होता. त्यांनी लिहून घेतलं, संपलं. पण बाराव्याला गेलो त्यांच्या घरी तेव्हा अक्षदा — त्याची बायको — समोर येऊन बसली. मुलगी मांडीवर. मला म्हणाली, ‘काका, शेवटचं तुमच्याशी बोलले ते. काय बोलले?’ तिच्या आवाजात काही नव्हतं हो, राग नाही, काही नाही. एका बाईला नवऱ्याचं शेवटचं बोलणं हवं होतं. आणि मी काय दिलं? म्हटलं, ‘हवा किती ठेवू विचारत होता.’ ती म्हणाली, ‘मग तुम्ही काय सांगितलंत?’ म्हटलं, ‘बत्तीस ठेव म्हटलं.’ बत्तीस! आकडासुद्धा दिला मी. ती ‘बरं’ म्हणाली, आत गेली, माझ्यासाठी पाणी घेऊन आली. नाथा तिथेच ओट्यावर बसलेला, हात गळ्यात बांधलेला, माझ्याकडे बघेचना. मला वाटलं, सावरला नाही बिचारा.

मग वर्षभराने नाथा भेटला मला स्टेशनबाहेर, चहाच्या टपरीवर. मीच हाक मारली — मारायला नको होती. कसा आहेस, हात कसा आहे, सगळं झालं. मग तो कप खाली ठेवून म्हणाला, ‘काका, फोन स्पीकरवर होता.’ मला आधी कळलंच नाही. म्हणाला, ‘मोबाईल समोर स्टँडला लावलेला. मी बाजूलाच होतो. मी त्याला म्हणत होतो, थांबूया. तो म्हणाला, काकांना विचारतो.’ माझ्या तोंडातून काय निघालं असेल? मी म्हटलं, ‘अक्षदाला सांगितलंस?’ बघा, हे विचारलं मी! म्हणाला, ‘हॉस्पिटलातच सांगितलं. दुसऱ्या दिवशी.’ म्हणजे बाराव्याला तिने मला विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मी बत्तीस म्हणालो तेव्हा माहीत होतं. पाणी आणून दिलं तेव्हाही माहीत होतं.

झोप? झोप येते हो, तसं काही नाही. दिवसा होतं. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता हसलो ना, की होतं — माझं हसणं मलाच ऐकू येतं, आणि मग पलीकडून ‘बरं काका.’ इतकं स्पष्ट, की मी दोनदा मागे वळून बघितलंय. म्हणून हल्ली हसत नाही दुकानात. धंद्याला चांगलं नाही ते, सुमेधाही म्हणते, पण काय करू.

आणि मग परवाच्या मार्चमध्ये अक्षदा आली. इथे. आता ठाण्याला नौपाड्यात एका दवाखान्यात कामाला आहे, स्कूटर घेतलीय, मागचा टायर गुळगुळीत झालेला. डोंबिवलीत काय टायरवाले कमी आहेत? पण इथे आली. मी स्वतः बसवला टायर, कोणाला हात लावू दिला नाही. होईपर्यंत ती उभीच. आणि निघताना, हेल्मेट हातात, मला विचारते, ‘हवा किती ठेवू काका? ह्यांना सांगितलेली तेवढीच?’

दुकानात चार माणसं होती. मी खाली बसलेलो, हवेचा पाईप हातात. आणि आकडा येत होता हो तोंडावर — एकोणतीस ठेव, स्कूटरला मागे एकोणतीस — म्हणजे पुन्हा सुटलो असतो मी. पण पाईप सुटला हातातून. मी म्हटलं, ‘अक्षदा, हवेचं नव्हतं विचारलं त्याने.’ आणि सगळं सांगितलं. चार माणसांसमोर. समोर गिऱ्हाईक बसलेलं, त्याच्यासाठी हसलो, हेही सांगितलं — ते तर नाथालाही माहीत नव्हतं. ती सीटवर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, ‘नाथाभाऊ सांगतात मला, काकांनी नको म्हटलं असतं तरी यज्ञेश गेलाच असता, ऑर्डरची घाई होती.’ मी म्हटलं, हो ना, घाई असायचीच त्याला — बघा, लगेच म्हटलं, जसं काही मी त्याचीच वाट बघत होतो. ती म्हणाली, ‘नाही काका. मला बरं वाटावं म्हणून सांगतात ते. हे थांबले असते. गाडी कडेला लावून डबा खाल्ला असता, पाणी उतरेपर्यंत. तुमचं ऐकायचे ते.’ हेल्मेट घातलं, टायरचे पैसे त्या काउंटरवर ठेवले आणि गेली. ओरडली नाही, रडली नाही. त्या चार माणसांतल्या एकाने तर आपली गाडी जॅकवरून उतरवायला लावली आणि तसाच निघून गेला. नंतर ती आली नाही. येणारही नाही, मला माहितीये. ती त्यासाठीच आलेली — मी सांगतो का ते बघायला. सांगितलं. झालं.

… काय म्हणालात? नाही, ऐकू आलं. मग ह्यातला कुठला घेऊ — असं म्हणालात ना तुम्ही? साहेब, एवढं सांगितलं मी, आणि तुम्ही पुन्हा मलाच विचारताय?

नाही, रागावलो नाही. कशाला रागावू. पण आज नको. आज मी बसवणार नाही. पंपाच्या पुढे दुसरं दुकान आहे, तिकडे हीच साईज मिळेल तुम्हाला. … नंबर? नाही, नंबर देत नाही मी कोणाला. बोर्डावरचाही पुसून टाकलाय, बघा. अडलं-नडलं तर रस्त्यावर माणसं असतात, त्यांना विचारा, खाली उतरून स्वतः बघा, मला विचारू नका. उठा आता. गाडी काढा, मागे रिक्षावाला थांबलाय.