सत्तावन्न सालची हिरवी ओळ

जोलीन : नाही, नीट वाचलं मी. टॉर्च लावून दोनदा वाचलं. आकडे बरोबर आहेत, तेरा-बारा. फक्त रंग चुकलाय.

आर्डिस : कशाचा रंग? आधी बस तरी, पोरी. कॉफी ओतते.

जोलीन : मॅचचा करंडक म्हणून ठेवलेल्या दुधाच्या कॅनचा, मिसेस हॉग्लंड. शनिवारी आपली कॉर्विक कॉलेजशी शंभरावी फुटबॉल मॅच. कॅनवर आता बोटभरही जागा उरली नाही, म्हणून नवा कॅन आणलाय. जुन्यावरचे नव्व्याण्णव निकाल त्यावर उतरवून घ्यायचेत. ब्रँडल जिंकलं तिथे तांबडा रंग, कॉर्विक जिंकलं तिथे हिरवा.

आर्डिस : या घरात "आपली" म्हणू नकोस. मी कॉर्विकची, हा ब्रँडलचा. पासष्ट वर्षं एका छपराखाली आहोत, पण मॅचला समोरासमोरच्या स्टँडमध्ये बसतो.

डेल्मर : आणि परतताना ही गाडीत बोलत नाही.

आर्डिस : हरल्यावर बोलत नाही. जिंकल्यावर गाते.

डेल्मर : त्यापेक्षा हरलेली परवडते.

जोलीन : मिस्टर हॉग्लंड, सत्तावन्न साली ब्रँडल जिंकलं. दोन्ही कॉलेजांच्या निकालांच्या पुस्तकांत तसंच आहे. शेवटच्या मिनिटाला तुम्ही चेंडू काखेत धरून कडेकडेने साठ यार्ड पळालात, तो फोटो माझ्या ऑफिसच्या दारासमोरच लावलाय. पण कॅनवर ती ओळ हिरवी आहे.

आर्डिस : हिरवी?

जोलीन : हिरवी. आणि ते आकडे हरलेल्या संघाच्या कॅप्टननेच लिहायचे असतात, स्वतःच्या हाताने. त्या वर्षी कॉर्विकचे कॅप्टन होते ऑर्विल लुंडे.

आर्डिस : माझा भाऊ.

जोलीन : हो, म्हणूनच आधी वाटलं, रागाच्या भरात त्यांनी हिरवा लावला असेल. पण त्या ओळीत सालातल्या सातच्या पोटात आडवी रेघ आहे. ऑर्विल यांचा सात तसा नाही, मी पाहिला. मग कॉलेजच्या दप्तरातली तुमची जुनी उत्तरपत्रिकांची पानं काढली, मिस्टर हॉग्लंड. तुमच्या प्रत्येक सातला ती रेघ आहे.

डेल्मर : आजीने शिकवलं होतं. नॉर्वेत तसाच काढतात.

आर्डिस : डेल्मर?

जोलीन : कोच म्हणतात, रंगाचा डबा चुकून उचलला असेल, तू तांबडा करून टाक. संध्याकाळी यादी रंगाऱ्याकडे जायची आहे. तांबडा धरला तर ब्रँडल अठ्ठेचाळीस, कॉर्विक सत्तेचाळीस, चार बरोबरीत. हिरवा धरला तर बरोबर उलटं. म्हणून विचारायला आले. चुकून झालं का?

डेल्मर : चुकून म्हटलं तर तुझं काम सोपं होईल.

जोलीन : होईल. पण झालं काय होतं, ते मला हवंय.

आर्डिस : मी सांगते काय झालं होतं. याचा पाय बाहेर पडला होता. मी त्याच कडेला बसले होते. लग्न झाल्यापासून सांगतेय, तर म्हणतो, तू कॉर्विकची, तुला तसंच दिसणार.

डेल्मर : बाहेर नाही पडला. रेघेवर पडला.

आर्डिस : रेघेवर पडला तरी खेळ तिथेच थांबतो!

डेल्मर : थांबतो. पंचाला दिसलं नाही.

जोलीन : तुम्हाला तेव्हाच कळलं?

डेल्मर : पळताना कुठलं कळतंय? कपडे बदलायच्या खोलीत बूट काढताना कळलं. त्या दिवशी पावसाने सगळ्या रेघा धुऊन नेल्या होत्या. मध्यंतरात पुन्हा मारायला गेले तर चुना संपलेला. मग बेकरीतून पिठाचं पोतं आणलं आणि फक्त कडेच्या दोन रेघा मारल्या.

जोलीन : पिठाने?

डेल्मर : गव्हाच्या. चिखलात पीठ म्हणजे काय होणार? माझ्या उजव्या बुटाच्या बाहेरच्या अंगाला कणीक चिकटली होती. अशी, बोटाएवढी जाड.

जोलीन : पण ती आधीचीही असेल. मॅचभर तुम्ही कितीदा कडेला गेला असाल.

डेल्मर : तशी मीही मनाची समजूत घालून पाहिलीय, पुष्कळ वर्षं. पण शेवटच्या डावाआधी आम्ही वेळ मागून घेतला होता. तेव्हा मधोमध उभं राहून मी काटकीने दोन्ही बूट खरवडले. त्यानंतर एकदाच पळालो. तिथून लोकांनी खांद्यावर घेतलं, ते थेट खोलीतल्या बाकावर नेऊन ठेवलं. पाय पुन्हा जमिनीला लागलाच नाही.

जोलीन : आणि ऑर्विल?

डेल्मर : ऑर्विल ब्रश घेऊन आला, रीतीप्रमाणे. म्हणाला, तुझा पाय पडलेला मी पाहिलाय, मी तांबड्यात लिहिणार नाही. मी नुसता बूट पुढे केला. त्याने अंगठ्याने ती कणीक दाबून पाहिली आणि ब्रश माझ्या हातात दिला.

जोलीन : मग तुम्ही, ब्रँडलच्या कॅप्टनने, हिरव्यात लिहिलंत.

डेल्मर : हरलेल्याने लिहायचं असतं ना? लिहिलं, आणि ती बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली. पुढे कोण बघतंय? लोक फक्त गेल्या वर्षीचा आकडा बघतात.

आर्डिस : बाहेर येऊन तोंडाने का नाही सांगितलंस?

डेल्मर : दाराशी बँड वाजत होता. म्हटलं, सोमवारी सांगू. सोमवारी पेपरात फोटो आला.

आर्डिस : आणि त्याच पेपरात ऑर्विलचं बोलणं आलं, की पाय पडला होता. त्या दिवसापासून तो "रडका लुंडे". त्याच्या दुकानात खिळे घ्यायला आलेली माणसं आधी रुमाल पुढे करायची. चाळीस वर्षं, जोलीन. कॉर्विकची माणसंसुद्धा!

डेल्मर : कॅनवर काय आहे, ते त्याने कोणालाच सांगितलं नाही.

आर्डिस : मलाही नाही.

जोलीन : पुस्तकातला निकाल मला बदलता येणार नाही. पंचाने दिला तो दिला. पण कॅन पुस्तकावरून रंगवत नाहीत. त्यावर कॅप्टनने लिहिलं तेच राहतं. मी ओळ हिरवीच उतरवणार, कोच काहीही म्हणोत. फक्त कारण विचारलं, तर सांगायला तुमची परवानगी हवी.

डेल्मर : आर्डिस, काहीतरी बोल.

(आर्डिस आपला कप विसळून पालथा घालते.)

आर्डिस : शेवटी दवाखान्यात मी त्याला विचारलं होतं. म्हटलं, ऑर्विल, आता तरी खरं सांग, पाय पडला होता की नाही? म्हणाला, चिखल फार होता गं. माझीच नजर चुकली असेल.

डेल्मर : असं म्हणाला?

आर्डिस : मला घरी तुझ्याकडेच परत यायचं होतं. त्याला ते ठाऊक होतं.

डेल्मर : जोलीन, शनिवारी नाणेफेकीला मला मैदानात बोलावलंय. तिथे माईक असतो?

जोलीन : असतो. मिनिटभर देतील. पण तुम्ही मैदानात उभे राहून सांगणार? सगळ्या ब्रँडलसमोर?

डेल्मर : दोन्ही स्टँडसमोर. मनात म्हणून बघतोय. "माझ्या बुटाला त्या दिवशी..."

आर्डिस : बुटाचं नंतर. आधी ऑर्विलचं नाव घे.