सरांचं नाव आणि माझं

मी राई गावची, भाईंदरजवळच्या. माहेर राईत, सासर पण राईतच, चार घरं सोडून, म्हणजे वरातीला चपला घालायची पण गरज पडली न्हाय. नवरा मिठागरावर कामाला.

आता तुमी विचारताय, खुणांची भाषा पहिली कुणी काढली. काय सांगू तुम्हाला बाय, आमच्या घरात तरी ती माझ्या सासूने काढली, नि तिला सही पण येत नव्हती. माझी मोठी, रंजना, जन्मापासून बहिरी. म्हातारी तिला ओट्यावर घेऊन बसायची. मीठ म्हणजे दोन्ही मुठी धरून पोटाकडे ओढायच्या, मिठागरात मीठ ओढतात तसं. बाप म्हणजे कपाळाचा घाम पुसायचा. सासू स्वतः म्हणजे दातांवर मिश्री. चार वर्षांची पोर म्हातारीशी तास तास भांडायची, आवाज न करता.

मी मात्र शहाणी. चौथी पास, म्हणजे राईत बॅरिस्टरच. रंजनाला भाईंदरच्या बहिऱ्या पोरांच्या शाळेत घातलं, तिथले मोठे सर म्हणाले, हात चालले की तोंड चालत न्हाय, घरी खुणा केल्या तर हात बांधा. मी बांधले. तिच्याच वेणीच्या लाल रिबिनीने, वर फूल काढून, केवढी हौस मला. सासू एकदाच म्हणाली, हिरे, बोलणाऱ्याचं तोंड कुणी शिवतं का गं? मी म्हटलं, तुमाला शिक्षणातलं काय कळतंय. तीन वर्षांत पोर एक शब्द शिकली, पापा, नि बापाला तर आमच्यात बाबा म्हणतात.

पण पोरं काय ऐकतात? मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे जमायची. खारी गावची पोर तिच्या घरची खूण आणायची, उत्तनची मासळीची आणायची, नया नगरच्या एकाकडे चहाची होती, जी सोपी ती सगळे घ्यायचे. मिठाची आमच्या म्हातारीचीच राहिली. मोठी पोरं बारक्यांना शिकवायची नि एक जण पहारा करायचा. अशी वाढली बघा ती भाषा, मार खात खात.

नि त्यांच्यात माणसाला नाव देतात ते त्याच्या लक्षणावरून, एकदा पडलं की सुटत न्हाय. सर पोरांची तोंडं आपल्या तोंडाजवळ ओढायचे, प म्हटलं की गालाला वारा लागतो तो ओळखा म्हणायचे. वाऱ्याला तंबाखू नि लसणाचा वास. म्हणून सरांचं नाव, नाकापुढे पंजाने वारा घालायचा.

मंग सासू गेली. म्हातारीला अंगणात ठेवलेली नि रंजना माझ्यासमोर उभी राहून हातांनी काहीतरी विचारत होती, परत परत, तेच. मला कळेना. घरात ज्या एकीला कळलं असतं ती खाली निजलेली. त्या दिवशी ठरवलं, सरांना सोडणार न्हाय. नि पोरीकडूनच खुणा शिकायला बसले, बॅरिस्टर परत पहिलीत.

पुढे सर रिटायर झाले, सत्काराला जुनी पोरं सगळी आली, आता बाप्ये नि बाया झालेली. हार पडला तशी सगळ्यांनी हात वर केले नि नाकापुढे वारा घातला. सरांना वाटलं, नमस्कार करतायत. त्यांनी पण हसून तसंच केलं, दोनदा, स्वतःच स्वतःला. मी मागच्या रांगेत होते, पदर खोचून दोन्ही हातांनी वारा घातला. देव माफ करो न करो, तेवढं गोड मी कधी जेवले पण न्हाय.

परत येताना रिक्षात माझं हसू थांबेना. रंजनाला विचारलं, अगं, सगळ्यांना नाव हाय, मंग माझं काय? ती बाहेर बघायला लागली. मी तिचा खांदा धरून परत विचारलं. तेव्हा तिने दोन्ही मनगटं एकावर एक ठेवली, बांधल्यासारखी.

टाकीमागे पडलेलं नाव. विरारपर्यंतच्या सगळ्यांना ठाऊक, मलाच न्हाय.

पुढे तीच म्हणाली, बदलूया का. मी नको म्हटलं. सरांवर हसले ना पोटभर, मंग माझं मला घ्यायला पाहिजे. आता तिच्या मैत्रिणी दारात आल्या की मनगटं जोडून विचारतात, ही घरात हाय का, नि मीच पुढे होऊन मनगटं जोडते, हाय, या. नातीला आजीची खूण पण मीच शिकवली.

लिवा बाय, लिवा. तुमचे हात असेच मोकळे राहोत.